कोऱ्या काचेवरचं बदक

पुन्हा बदकच.

तिने मायक्रोस्कोपवरचा डोळा काढला, मनगटाने चोळला आणि पुन्हा लावला. फरक शून्य. काचपट्टीवरच्या त्या बारीक धाग्याच्या टोकाकडे त्रिकोणी गाठी, कुणी मुद्दाम ओवल्यासारख्या. पिसाच्या बुडाशी जी मऊ लव असते, तिच्यात अशा गाठी बदकाच्याच असतात. हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. पण शेजारीच दुसरा धागा पडला होता आणि त्याच्या गाठी पार बुडाशी, फुगीर, उमलायच्या बेतात असलेल्या कळीसारख्या. त्या कबुतराच्या. तेही ती झोपेत सांगू शकली असती. अडचण एवढीच, की ही लव एकाच पक्ष्याची होती.

"अरे बाबा, तू आहेस तरी कोण?" ती काचेला म्हणाली.

"कुणाशी बोलताय, चिमटाबाई?" दारातून साहेबांचा आवाज आला. प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाबाई म्हणत. हातात चिमटा नसलेली ती कुणी पाहिलीच नव्हती. साहेब दारातच उभे राहिले. त्या खोलीत येताना सगळेच दारात उभे राहत, कारण आत गारठा असे. मायक्रोस्कोपला नुकताच जोडलेला नवा कॅमेरा जरा तापला की रुसायचा, म्हणून खोली गार करणारं यंत्र सगळ्यात थंड टोकाला ठेवून त्याच्या बटणावर कुलूपबंद झाकण बसवलेलं होतं. किल्ली कुणाकडे होती, ते यंत्र बसवणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो नोकरी सोडून गेला होता.

"विमानतळाचा फोन होता. काय सांगू त्यांना?"

"सांगा, अर्धं बदक आणि अर्धं कबुतर धडकलं."

"थट्टा नको हो."

"मी कुठे करतेय? हा पक्षी करतोय."

तिचं काम हेच होतं. विमानावर पक्षी आदळला की जे उरेल ते पाकिटात भरून तिच्याकडे यायचं. सबंध पीस उरलं तर प्रश्नच नाही, पाखरं ओळखणारा कुणीही नाव सांगेल. पण इंजिनाने पक्षी गिळला की उरतो नुसता डाग आणि डागात चिकटलेली चिमूटभर लव. ती लव कोमट पाण्यात धुवायची, अल्कोहोलमधून काढायची, फुंकर देऊन मोकळी करायची, काचेवर पसरून वर पातळ काच ठेवायची, आणि मग बघत बसायचं. पाखरं घडवणाऱ्याने काय केलंय बघा, जी लव कुणाला दिसणार नाही, पोटाखाली पिसांच्याही आत दडलेली, तिच्याही एकेका धाग्यावर त्याने ज्याची त्याची खूण घातली आहे. बदकाची बदकाला, कबुतराची कबुतराला. एकाची दुसऱ्याला लागलेली नाही. हे रोज पाहणाऱ्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात. तिचेही जोडले जात, एरवी. या आठवड्यात मात्र तिला वाटत होतं की त्याने मुद्दाम तिच्याच वाटेला घोटाळा पाठवलाय.

कारण या वेळी नुसतं नाव लिहून मोकळं व्हायचं नव्हतं. धावपट्टीपलीकडे एक तळं होतं. विमान सुखरूप उतरलं, माणसं बचावली, पण इंजिन गेलं. तेव्हापासून विमानतळवाल्यांनी तळ्याकडे बोट दाखवलं होतं. बदक निघालं तर पाणी उपसून तळं बुजवायचं, असं ठरलं होतं. उपसणारे पंप काठावर येऊनही पडले होते. सगळे थांबले होते तिच्या एका ओळीसाठी.

आणि त्याच तळ्याच्या काठी, दगडी बाकावर, तिचे वडील रोज सकाळी जाऊन बसत.

वडील शिंपी. आता दुकान बंद केलेलं, डोळे थोडे अधू, पण बोटं अजून टाका मागत असत. तिची आई गेल्यापासून ते पहाटे उठून तळ्यावर जात आणि तिथे देवाचं गाणं म्हणत. "माणसं ऐकायला बसतात आणि मधूनच उठून जातात," ते म्हणत. "बदकं शेवटपर्यंत बसतात. एखादं मध्ये बोलतं, पण ते चालायचंच." घरी परत आले की चेहरा धुतल्यासारखा असे. ते त्या बाकावर बसणं सुटलं तर या माणसाचं काय होईल, हा विचार तिने एकदा केला आणि घाईघाईने बाजूला सारला. पाकीट कोणत्या तळ्याजवळून आलंय हे कळल्या दिवशीच तिने मनाशी ठरवलं होतं, की आपल्याला काय हवंय ते या खोलीत आणायचं नाही. म्हणूनच कबुतराच्या गाठी दिसल्या की ती स्वतःवरच संशय घेई आणि बदकाच्या दिसल्या की त्यावर ताबडतोब विश्वास ठेवी.

"हे बघा," साहेब म्हणाले, "सरळ हिशोब आहे. कबुतरं सगळीकडे असतात. कबुतराचा एखादा धागा वाऱ्याने येऊन चिकटला असेल. बदक काही वाऱ्याने येत नाही. बदक लिहा."

"आणि उलटं असेल तर?"

"म्हणजे बदकाची लव हवेतून आली? या खोलीत? अहो, इथे माशीसुद्धा गारठून मरते."

"मी पुन्हा एक काच करते."

"किती वेळा कराल? माल आहे का तेवढा?"

माल नव्हता. पाकिटात आता जेमतेम नखाएवढा पुंजका उरला होता. तिने तो न वापरता धुतलेल्यांतलेच चार धागे घेतले. पहिल्या खेपेला काचेखाली हवेचा बुडबुडा अडकला, नेमका गाठींच्या डोक्यावर. दुसऱ्या खेपेला धागे एकमेकांत असे गुंतले की वेणी घातल्यागत दिसायला लागले. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं आणि कॅमेरा गोठला. पडद्यावर अर्धंच चित्र, खाली राखाडी पट्टा. तिने तो बंद केला, चालू केला. पडद्यावर अक्षरं आली, 'कृपया थांबा.' ती थांबली. गार पडलेली बोटं तिने कोटाच्या बाहीत ओढून घेतली.

कोट वडिलांनी दिलेला. या केसच्या पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिने चहाचा कप नुसता धरून ठेवला होता, पिता येईना इतकी बोटं बधिर. वडिलांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या कपड्यांच्या बाजारातून ते एक फुगीर कोट घेऊन आले, ढगासारखा हलका. बाह्या लांब होत्या, त्या स्वतः कापून आखूड केल्या. "दुहेरी शिलाई घातलीय," ते म्हणाले, "हत्तीने ओढली तरी उसवायची नाही. आणि मानेला टोचत होती ती चिठ्ठीही काढून टाकली." तेव्हापासून कोट तिच्या अंगावरच होता. तो नसता तर या खोलीत तिला तासभरही बसवलं नसतं.

फोन वाजला. विमानतळाचे सुरक्षा अधिकारी.

"मॅडम, एक शब्द हवाय फक्त. एक शब्द!"

"तोच मिळत नाहीये."

"पंपवाले रोज मला येऊन विचारतात. त्यांना मी काय उत्तर देऊ?"

"त्यांना सांगा, कृपया थांबा," ती म्हणाली आणि पडद्याकडे पाहिलं. पडदाही तेच म्हणत होता.

संध्याकाळी घरी वडिलांनी भात वाढला. दोघं समोरासमोर बसले. केसबद्दल घरी बोलायचं नाही हा नियम. पण तळ्यावरचे पंप काही नियम पाळत नव्हते.

"तिकडे फलक लावलाय," वडील म्हणाले. "तपासणीचा निकाल आल्यावर निर्णय घेण्यात येईल, असं. तपासणी म्हणजे तू का गं?"

तिने भात कालवायला घेतला. वडिलांना उत्तर मिळालं.

"बरं. सांगू नकोस." त्यांनी आमटीची वाटी तिच्याकडे सरकवली. "फक्त एक ऐक. बदक असेल तर बदक लिही. माझ्यासाठी मागेपुढे बघू नकोस. देवाच्या नावाने बसतो मी तिथे. खोट्याच्या आधाराने बसायचं असेल तर घरीच बसेन."

"बाबा, मागेपुढे मी बघत नाहीये. मला दोन्हीकडे दोन दिसतायत, हा त्रास आहे."

"मग डोळे तपासून घे."

"डोळे ठीक आहेत माझे!"

"मला ओरडू नकोस. मी फक्त म्हटलं."

ती ताटावरून उठली. नंतर स्वतःच्याच आवाजाचा तिला राग आला, आणि ज्या कुणा पक्ष्यामुळे आपण बापावर ओरडलो त्याचा त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवालाचा मसुदा तयारच करून ठेवला होता. 'बदक' हा शब्द त्यांनी जाड टंकला होता. खाली तिच्या सहीची जागा. "दुपारपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर मी त्यांना टोलवू शकत नाही."

ती खोलीत आली, कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बसून राहिली. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सही केली की सुटका. सगळे खूश, पंपवाले, साहेब, अधिकारी. तिने चिमटा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग निव्वळ वैतागाने, एखाद्या हट्टी पोराला 'बघू तुझं किती चालतं' म्हणावं तसं, तिने एक कोरी काच घेतली. त्या काचेवर तिने काहीही ठेवलं नाही. तेच पाणी, तेच अल्कोहोल, तीच फुंकर, वर पातळ काच. पिसाचं नाव नाही.

"घे," ती पुटपुटली. "आता दाखव बदक."

आणि काचेने दाखवलं.

एकच धागा होता, पण स्वच्छ. टोकाकडे त्रिकोणी गाठी, एकीनंतर एक. ती पाहतच राहिली. हसू आलं आणि पाठोपाठ अंगावर काटा. असं कसं? केस हाती घेतली की आधी एक कोरी काच करून पाहायची हा त्यांच्या प्रयोगशाळेचा नियम होता आणि तिने तो पाळला होता. पहिल्या दिवशी, कामाला हात लावण्याआधी. ती काच लख्ख निघाली होती. म्हणूनच तर नंतर शंका आली नाही. एकदा आरसा पुसला की तोंड स्वच्छ आहे असं धरून चालावं, तसं तिने धरलं होतं.

मग तिने खोली धुवायला घेतली. टेबल अल्कोहोलने पुसलं. बशा उकळल्या. नळाच्या तोंडावर नवी जाळी लावली. गार हवेच्या झडपेवर ओलं फडकं बांधलं. चिमटे ज्योतीवरून फिरवले. घामाची सवय नसलेल्या त्या खोलीत तिला घाम आला. सगळं झाल्यावर पुन्हा कोरी काच.

पुन्हा बदक. या खेपेला दोन.

"कुठून येतोस रे?" ती ओरडलीच. साहेब धावत दारात आले.

"काय झालं?"

"काही नाही. कोऱ्या काचेवर बदक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या जाड अक्षरातलं बदक इथलंच आहे, या खोलीतलं. फक्त कुठे राहतंय ते सापडत नाहीये."

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली, जणू कपाटामागून एखादं डोलत डोलत बाहेर येईल. "मी तोवर... फोन उचलत नाही," ते म्हणाले आणि गेले. एवढी मदत त्यांनी आजवर कधी केली नव्हती.

ती मटकन बसली. धुण्याच्या गडबडीत हात ओले झाले होते, आता ते दुखायला लागले. सवयीने तिने बोटं बाहीत ओढली. बाहीचा काठ तळहाताला लागला, आणि काठाशी, वडिलांच्या त्या दुहेरी शिलाईच्या ओळीत, एका टाक्याच्या भोकातून काहीतरी पांढरं डोकावताना दिसलं. दोऱ्याचं टोक असेल म्हणून तिने ते चिमट्याने धरलं आणि ओढलं. ते दोऱ्यासारखं आलं नाही. श्वासासारखं आलं, हलकं, फुलत. चिमट्याच्या टोकाला एक पांढरा झुपका थरथरायला लागला.

हे काय आहे ते सांगायला तिला मायक्रोस्कोपची गरज नव्हती. तरी तिने तो काचेखाली ठेवला. टोकाकडे त्रिकोणी गाठी.

जी बाई चिमूटभर लवेवरून पाखराचं कूळ सांगते, तिने अंगावर अख्खी बदकं घालून रोज तीच बदकं शोधली होती. कोटात काय भरलंय हे तिने विचारलंच नव्हतं. कापूस असेल, नाहीतर तसलंच काही. सांगणारी चिठ्ठी वडिलांनी मायेने कापून टाकली होती आणि मायेनेच एकीऐवजी दोन शिलाया घातल्या होत्या. म्हणजे सुईची भोकंही दुप्पट. बशीवर हात धरला की त्या भोकांतून एकेक धागा अलगद खाली. पहिल्या दिवशीची कोरी काच लख्ख निघाली, कारण तेव्हा कोट अजून आलाच नव्हता.

म्हणजे म्हातारा रोज ज्यांना गाणं ऐकवत होता, त्यांच्याविरुद्ध साक्ष त्याच्याच टाक्यांतून गळत होती.

तिने कोट काढला, पिशवीत भरला, पिशवीचं तोंड बांधलं आणि ती बाहेर व्हरांड्यात टाकली. केस विंचरून बांधले, टोपी घातली, आतला सुती अंगरखा ओल्या फडक्याने पुसला. मग पुन्हा पुसापुशी, पुन्हा कोरी काच. निघाली लख्ख. तरीही तिने आणखी एक करून पाहिली. तीही लख्ख. तेव्हा कुठे तिने तो नखाएवढा पुंजका पाकिटातून काढला.

त्या थंडीत, सुती अंगरख्यात, शेवटचा माल हातात घेऊन काम करणं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच कळावं. दात वाजायला लागले की चिमटा हलायचा. चिमटा हलू नये म्हणून तिने श्वास रोखला, तर तो सोडताना भिंगावर वाफ धरली. अर्धा पुंजका बशीच्या काठाला चिकटला आणि सुटेचना, तो गेलाच. उरलेला काचेवर आला. पातळ काच ठेवताना तिने डोळे मिटले आणि मनातल्या मनात 'देवा' म्हटलं, पुढे काही मागितलं नाही, मागायचं नाही असं ठरलंच होतं.

कबुतर. इथून तिथून कबुतर. फुगीर कळ्या, सगळ्या बुडाशी, एकाही धाग्याला टोकाकडे त्रिकोण नाही. तिने काच इंचाइंचाने सरकवत सगळी पाहिली. मग कॅमेरा लावला. कॅमेरा गोठला. तिने त्याला अशी एक शिवी दिली की ती वडिलांनी ऐकली असती तर जेवण सोडलं असतं. तिसऱ्या प्रयत्नात चित्र आलं.

अहवालात तिने सगळं लिहिलं. पक्षी कबुतर, आधीच्या काचांवरची बदकाची लव तपासणाऱ्या व्यक्तीच्या कोटातून आलेली. साहेबांनी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"ही दुसरी ओळ कशाला? पक्षी सांगितलात, पुरे. उद्या कुणी विचारेल, या बाईच्या मागच्या अहवालांत कुणाचा कोट होता?"

"विचारू दे. कोट नवा आहे, मागचे अहवाल जुने. पण त्या काचांची चित्रं फाइलमध्ये आहेत, साहेब. उद्या कुणी उघडून बघितली तर बदक दिसेल, आणि तळ्यावर पुन्हा पंप येतील."

साहेबांनी अहवाल खाली ठेवला. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "ओठ निळे पडलेत तुमचे. सही करा आणि उन्हात जाऊन उभ्या राहा."

अधिकाऱ्यांना आनंद झाला नाही. "कबुतर?" ते फोनवर म्हणाले. "मॅडम, कबुतरं तर आमच्याच हँगरच्या छतात आहेत! मी सहा महिने तिथे जाळ्या लावायच्या... म्हणजे, ते जाऊ द्या. तुमची खात्री आहे ना?"

"आहे."

"हे काल सांगितलं असतं तर पंपाचं भाडं तरी वाचलं असतं." आणि त्यांनी फोन ठेवला. आभार वगैरे काही नाही. पण संध्याकाळी घरी जाताना तिने मुद्दाम तळ्याच्या बाजूने वाट काढली, तेव्हा काठावर पंप चढवून एक ट्रक उभा होता आणि चालक कुणाच्या तरी नावाने बोटं मोडत होता. बदकं पाण्यात होती. त्यांना यातलं काही सांगायची सोय नव्हती.

वडिलांना मात्र सांगावं लागलं. तिने पिशवी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, पंप गेल्याचं आधी. ते ऐकून वडिलांनी डोळे मिटून हात जोडले. मग कोटाचं ऐकलं आणि डोळे खाडकन उघडले.

"माझी शिलाई गळते?"

"बाबा, शिलाई चांगली आहे, पण आत पिसं असली की..."

"इकडे दे."

ते कोट घेऊन खिडकीशी गेले, चष्मा लावला, बाहीचा काठ उजेडात धरला. बोटाने दाबला. एका भोकातून पांढरं टोक वर आलं. दुसऱ्यातून आणखी एक. म्हातारबुवांचा चेहरा असा पडला, की तळं बुजवलं असतं तरी इतका पडला नसता.

"सुई जाड घेतली मी," ते हळूच म्हणाले. "डोळ्यांना दिसावी म्हणून जाड घेतली. याला पातळ सुई हवी होती आणि एकच ओळ. हे मला कळायला नको?" त्यांनी एक टोक ओढून बोटावर घेतलं. "आणि ही लव बदकाची म्हणतेस?"

"हो."

"आणि मी रोज त्यांच्यापुढे बसून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "बरं. पातळ सुईने पुन्हा शिवून देतो."

"नको, बाबा. कितीही शिवला तरी तो कोट मी त्या खोलीत नाही नेऊ शकत."

"मग काय, पुन्हा गारठून बसणार?"

"स्वेटर घालीन."

"लोकरीचा? ती कुणाची असते?"

"मेंढीची. बाबा, मेंढ्या विमानाला धडकत नाहीत."

ती हसली. वडील हसले नाहीत. त्यांनी डब्यातून बारीक सुई शोधून काढली होती आणि खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडात ते तिच्यात दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. दोरा दर वेळी बाजूने निसटत होता. "घाल की नको घाल," ते म्हणाले, "पण ही ओळ मी अशी ठेवणार नाही." तिने हात पुढे केला. त्यांनी सुई दिली नाही. ती शेजारी बसून राहिली, अजून गारच असलेली बोटं मुठीत धरून, आणि दोरा पुन्हा एकदा निसटला.